दिलीपला पत्र : वाचनालयातली सहा मशिनं

पुणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिलीप,

तुझं पत्र मिळालं. कार्यकारी मंडळाच्या सभेत जे रणकंदन झालं ते वाचून तुझी काळजीच वाटली. खजिनदार म्हणतात, सहाही मशिनं भंगारात काढा आणि विंडोज ११ घातलेली नवी घ्या. नवा तरुण सभासद म्हणतो, सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टम टाका, दमडी लागणार नाही. आणि सचिव म्हणून निर्णय तुझ्या गळ्यात. मी कुणाच्या बाजूने, असं विचारलंस. दोघांच्याही नाही. मशीन जुनं की नवं, फुकट की विकतचं, यावरच दोघांचं भांडण चाललंय. त्या मशिनांमध्ये वाचनालयाचं काय काय अडकून पडलंय, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. मला बोलायचंय ते त्यावर. जरा लांबण लागेल, सवडीने वाच.

आधी घाई किती आहे ते सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशिनं त्या दिवशी बंद पडली नाहीत, पडणारही नाहीत. पण यापुढे त्यात एखादी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आपसूक येणार नाही. हे किती गंभीर आहे ते कळायला मे २०१७ आठव. वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. विंडोज १० ची मुदत वाढवता येते. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंत, पण पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. तुझ्या मशिनांवर एवढा पैसा घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

तुझी ती आय-थ्री मशिनं चौथ्या पिढीची. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ‘मी करून देतो’ म्हणणारा दुकानदार भेटेल तुला, कारण अट चुकवून ११ चढवता येतं. पण अशा मशिनांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, तेच हातचं जाणार. या भानगडीत पडू नकोस.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दोन मशिनांवर दुकानदाराने ‘टाकून दिलेलं’ विंडोज आहे, लायसन्सचा कागद नाही, असं तूच लिहिलंयस. ती दोन मशिनं या आठवड्यात बाजूला कर. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत चोरीचं सॉफ्टवेअर नको, हे तर आहेच. पण मला जास्त काळजी मुलांची आहे. क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्राम, चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्या क्रॅकबरोबर आणखी काय आत शिरलं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याच मशिनांवर बसून पोरं एमपीएससीचे फॉर्म भरतात, आधार नंबर टाकतात, वडिलांच्या खात्यातून फी भरतात. पोरांनी विश्वासाने वाचनालयात यायचं आणि आपण त्यांना असं मशीन द्यायचं, हे मला सहन होत नाही.

आता मूळ मुद्दा. सुनीताताईंनी वर्षानुवर्षं राबून दाखल नोंदवहीतली पुस्तकं संगणकावर चढवली. ते सॉफ्टवेअर विकणारा माणूस आता फोन उचलत नाही, म्हणतोस. त्यातली पुस्तकांची नावं कुठल्या तरी जुन्या मराठी फॉन्टात आहेत. वार्षिक अहवाल, इतिवृत्तं, ग्रंथालय संचालनालयाला पाठवलेली पत्रं, सगळं तसंच. दिलीप, वाचनालयाची खरी मिळकत ही आहे. मशिनं उद्या कुणी देणगी म्हणूनही देईल. ताईंची ती वर्षं परत कोण देणार?

एक प्रयोग करून बघ. २००९ किंवा २०१० चा अहवाल वर्डमध्ये उघड. सगळा मजकूर निवड आणि फॉन्ट बदलून ‘निर्मला’ कर. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनांना कळणाऱ्या प्रमाण मांडणीत आहे, निर्धास्त राहा. पण पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांचा चिवडा झाला, तर समज की मशीनच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच. त्या काळात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्यातली अक्षरांची मांडणीही वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले. ती कंपनी आणि तो फॉन्ट आहे तोवर वाचता येतं, पुढे कठीण. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि अकारविल्हे यादी लावायला गेलं की ‘अ’ भलतीकडेच जाऊन बसतो.

म्हणून माझा आग्रह असा की आधी कागदपत्रं मोकळी करायची आणि ऑपरेटिंग सिस्टमला त्यानंतर हात घालायचा. हे सगळं आहे त्या विंडोजवर बसूनच होतं. ग्रंथसूचीचा डेटा त्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) बाहेर काढता येतो का बघ. ‘एक्स्पोर्ट’ नसेल तर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एमडीबी किंवा डीबीएफ शेवट असलेली फाइल शोध. एमडीबी म्हणजे ॲक्सेसची, ती उघडता येते. त्या फाइलीची आधी पेनड्राइव्हवर एक आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर एक अशी नक्कल घे, आणि मगच बाकीचं. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं नेटवर मिळतात. ती वापर, पण आंधळा विश्वास नको. रूपांतरात सगळ्यात जास्त मार खातो तो आपला ‘र’. ‘कार्य’ मधला रफार, ‘प्रत’ मधला, ‘राष्ट्र’ मधला, आणि ‘दुसऱ्या’ मधला. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘ऱ्य’ तर बऱ्याचदा ‘र्य’च होऊन येतो. नावांची यादी छापून ताईंना आणि दोन नियमित वाचकांना लाल पेन घेऊन बसव. पुस्तकांची माया असलेली माणसं हे काम आनंदाने करतील.

नवं टायपिंग मात्र आजपासून युनिकोडमध्येच. ताईंना जुन्या कीबोर्डची सवय आहे हे मला ठाऊक आहे, बोटांची सवय सुटायला त्रास होतो. तरी इन्स्क्रिप्ट शिकायला सांग. सरकारी प्रमाण कीबोर्ड आहे तो, आणि विंडोज, लिनक्स, दोन्हीकडे तोच चालतो. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ त्यात शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई, असा चार ठोक्यांत येतो, आणि एकदा बोटांत बसला की विसरत नाही. ज्यांना नकोच त्यांच्यासाठी इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवण्याची सोय दोन्हीकडे आहे. फॉन्टांची चिंता करू नकोस. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू कुणीही वापरावेत असे खुले आहेत, रेड हॅट कंपनीचा लोहित आहे. अहवाल छापून आला तर देखणा दिसेल.

याच बरोबर विंडोजवरच वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स ब्राउझर टाकून दे. दोन्ही फुकट, दोन्ही लिनक्सवरही तीच. लिब्रेऑफिसला मराठी शुद्धलेखन तपासायची जोडणी मिळते. माणसं दोनतीन महिने त्यात वावरली की खालची सिस्टम बदलल्याचं त्यांना फारसं जाणवत नाही.

मग मशिनांची वाटणी. तू लिहिल्याप्रमाणे सहापैकी चार वाचकांसाठी, एक ताईंचं, एक हिशेबाचं. वाचकांच्या चारपैकी तिनांवर मी डोळे मिटून मिंट ही लिनक्सची आवृत्ती टाकीन. तिथे काम काय होतं? ब्राउझर, पीडीएफ, एखादं पत्र टाइप करणं. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर नीट चालते. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क घातलीस तर तीच मशिनं तुला ओळखू येणार नाहीत. मिंटच्या २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पडद्यावरची मांडणी विंडोजसारखीच, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मुलांना शिकवायला बसावं लागणार नाही, ती पाच मिनिटांत सरावतात. ‘टाइमशिफ्ट’ लावून ठेव, म्हणजे कुणी काही बिघडवलं तर सिस्टम कालच्या स्थितीला नेता येते.

चौथ्या मशिनवर विंडोज ११ हवंच, आणि ते नवं मशीन असू दे. याची दोन कारणं. एमएस-सीआयटी करणारी मुलं तुझ्याकडे सरावाला येतात, त्यांना परीक्षेत जे समोर येणार तेच इथे मिळालं पाहिजे; टायपिंगच्या परीक्षेचंही तेच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुमच्याकडे ते अंध गृहस्थ नेमाने येतात ना? त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए टाक. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने, मायकेल करनने, २००६ साली ते लिहायला घेतलं, कारण विकतचे असे प्रोग्राम मूळ संगणकाइतके महाग होते. आज ते पूर्णपणे मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि ते चालतं फक्त विंडोजवर. लिनक्सवर ऑर्का आहे, पण सवय झालेल्या अंध माणसाला तिकडे ढकलणं मला अन्याय वाटतो. तुझ्या तरुण सभासदाला हे जरूर सांग. मुक्त सॉफ्टवेअरमधलं एक अतिशय सुंदर काम विकतच्या सिस्टमवर उभं आहे, आणि त्याने दोन्हींपैकी कुणाचंच काही कमी होत नाही.

हिशेबाच्या मशिनचा प्रश्न सोपा आहे. टॅली विंडोजवरचं, सीए टॅलीची फाइल मागतो, खजिनदारांचा हात त्यावर बसलाय. तिथे लायसन्ससकट विंडोज ११ असलेलं नवं मशीन घ्या. खजिनदारांच्या म्हणण्यातला तेवढा भाग बरोबर आहे. फक्त नवं मशीन घेताना विंडोज आत घातलेलंच घे. वेगळं लायसन्स घ्यायला गेलास तर होम आवृत्तीलाच दहा हजारांच्या आसपास मोजावे लागतील. विंडोज ११ चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागेल. ते खजिनदारांच्या नावाने काढू नकोस, वाचनालयाच्या ईमेलवर काढ आणि पासवर्ड बंद पाकिटात कपाटात ठेव. पदाधिकारी बदलतात.

ताईंचं मशीन शेवटी बदल, सूची पूर्ण मोकळी झाल्यावर. तेव्हा कोहा या ग्रंथालयांसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा विचार करता येईल. त्याची हकीकत तुला आवडेल. न्यूझीलंडमध्ये लेव्हिन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या होरोव्हेन्युआ लायब्ररी ट्रस्टची संगणक यंत्रणा २००० साल उजाडलं की कोलमडणार होती, आणि विकतची नवी परवडत नव्हती. त्यांनी १९९९ मध्ये कटिपो नावाच्या कंपनीकडून वेबवर चालणारी यंत्रणा बनवून घेतली, ती ३ जानेवारी २००० ला सुरू केली आणि जगाला खुली करून टाकली. आज जगभरातली हजारो ग्रंथालयं कोहा वापरतात. एका छोट्या गावातल्या ग्रंथालयाने आपल्या गरजेपोटी केलेलं काम इतकं पसरावं, याने मला आजही भरून येतं. पण कोहा सांभाळायला डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्या जाणणारा माणूस हाताशी लागतो. असा कुणी नसेल तर नीट भरलेली एक्सेलसारखी एक तक्तेवही आणि तिची रोजची नक्कल यावर वाचनालय उत्तम चालेल. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही आहे. ते तुमच्या वर्गाच्या वाचनालयाला कसं मिळेल याची जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी कर. सूची युनिकोडमध्ये असली की ती यातल्या कशातही भरता येईल. तिला मोकळं करण्याचा फायदा तो हाच.

‘फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार’ असं उपाध्यक्ष म्हणाले म्हणतोस. शंका रास्त आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो तत्त्वासाठी, आणि लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सचा गाभा लिहिला तो हौसेने. पण आज त्या गाभ्यात कोड घालणारे बहुतेक लोक पगारी आहेत. इंटेल, रेड हॅट, गूगल पगार देतात, मायक्रोसॉफ्टसुद्धा देते. कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. उपाध्यक्षांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच गाभा आहे. रेड हॅट खुलं सॉफ्टवेअर सांभाळून देण्याचे पैसे घेते, आणि त्या धंद्यासाठी आयबीएमने २०१९ मध्ये तिला ३४ अब्ज डॉलरला विकत घेतलं. हे दानधर्मावर चाललेलं नाही, हे त्यांना समजावून सांग. उलट ‘पैसे मोजले की कुणीतरी जबाबदार असतं’ असं खजिनदारांना वाटत असेल तर विंडोजचा करारनामा वाचायला दे. नुकसानभरपाई फार तर सॉफ्टवेअरसाठी मोजलेल्या रकमेइतकी, असं त्यात लिहिलेलं असतं. लिनक्सचा परवाना तर कसलीच हमी देत नाही. ताईंचा डेटा गेला तर भरून देणारं दोन्हीकडे कुणी नाही. बॅकअप आपणच घ्यायचा.

तरुण सभासदालाही एक गोष्ट ऐकव. म्युनिक शहराच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. राजकारण होतं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, काही खास कामांचे प्रोग्राम मिळत नव्हते. आणि केरळात बघ. तिथल्या सरकारी शाळांनी याच वाटेने जायचं ठरवलं, आज त्यांची उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती आहे. त्यांनी आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तकं तशी लिहिली. तेव्हा तुझ्याकडे लिनक्स टिकणार का, हे तुमच्यातलं कुणी ते मनापासून शिकून घेतं का, यावर ठरेल. त्या मुलालाच जबाबदारी दे, लेखी दे. वाचलेल्या पैशातून त्याच्या प्रवासखर्चाची आणि एका जोडीदाराच्या प्रशिक्षणाची तरतूद कर. तो नोकरीला पुण्या-मुंबईला गेला की त्याच्या मागे दुसरा हवा. तालुक्यात विंडोज दुरुस्त करणारे चार जण भेटतात, लिनक्सवाला एकही नाही, ही अडचण खरी आहे आणि ती सभेत झाकून ठेवू नकोस.

लगेच मशीन फॉरमॅट मारायला जाऊ नकोस. मिंट आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, तेवढं तपास. प्रिंटरचंच मला भय आहे. एचपीच्या बहुतेकांना लिनक्सवर काही करावं लागत नाही, पण काही जुने लेझर प्रिंटर असे आहेत की त्यांचा ड्रायव्हर बसवताना जीव नकोसा होतो. तसं निघालं तर तो हिशेबाच्या मशिनला जोडून टाक आणि वाचकांसाठी चालणारा वेगळा घ्या. त्यावर आठवडा घालवण्यात शहाणपण नाही.

ठरावाचा मसुदा मागितलास, तो सोबतच्या कागदावर लिहिलाय. त्यात पहिलं कलम सूची आणि कागदपत्रं युनिकोडमध्ये नेण्याचं, दुसरं बॅकअपचं, तिसरं दोन नव्या मशिनांचं, आणि चौथं तीन मशिनांवर लिनक्स टाकण्याचं. हा क्रम बदलू देऊ नकोस, मग बाकीचे शब्द त्यांनी हवे तसे फिरवले तरी चालेल. पहिल्या कलमावर कुणी ‘हे काय घाईचं आहे’ म्हणालं तर तो २००९ चा अहवाल सभेतच फॉन्ट बदलून दाखव.

प्रिंटरच्या मागच्या पट्टीचा फोटो काढून पाठव, मॉडेल बघून सांगतो. मार्चअखेरचा हिशेब होईपर्यंत खजिनदारांच्या मशिनला हात लावायचा नाही. पाडव्याला मी गावी येतोय, तेव्हा दोन दिवस वाचनालयातच बसू. त्या मुलाला आणि ताईंना मोकळं राहायला सांग.

अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद